प्लगातली डावी गाठ

दत्तारामानं डिसमिस लावून तडकलेल्या प्लगचं झाकण उचकटलं आणि त्याचा हात तिथंच थांबला.

"आत काही बिघडलंय का रे?" वकिलीणबाईंनी विचारलं. त्यांची विजेची इस्त्री टेबलावर आडवी पडली होती.

"नाय. वरचं फुटलंय नुसतं. नवा प्लग घालतो."

"घाल. पण आतलं रावजीनं केलंय तस्संच कर हो. तू बसवलेल्याची वायर महिन्यात दोनदा निसटली. त्याचा वर्षभर ओढाताण सोसतोय. तो मुंबईला गेलाय, म्हणून तुला बोलावलं."

रत्नागिरीत वीज आली तेव्हा घरोघर वायरी ओढणारा पहिला गडी दत्ताराम. मग मुंबईहून रावजी उपटला, मनगटावर घड्याळ बांधून, आणि एकेक घर त्याच्याकडे सरकलं. "त्या टिकोजीला दोन वायरी ओळखता येत नाहीत," असं दत्ताराम रोज जेवताना बोलायचा. त्याची बायको राही निमूट ऐकून घ्यायची.

आत दोन्ही वायरी स्क्रूकडे जाण्याआधी एकमेकींत गाठलेल्या होत्या. बाहेरून कितीही ओढा, हिसका गाठीवर. गाठ जाळ्याची होती, आणि डावीकडून मारलेली. जाळ्याची गाठ डाव्या हातानं मारणारं एकच माणूस त्याला ठाऊक होतं. ते त्याच्या घरात होतं.

राहीच मागे म्हणाली होती, "आत गाठ मारा की, आमी जाळ्याला मारतो तशी."

"मासे धरायचेत काय ह्यात?" असं म्हणून तो पोट धरून हसला होता.

रावजी घरी कधी आला? कुठं बसला? पण खरं सांगायचं तर रावजी येऊन बसला ह्यापेक्षा, बायकोला आपल्याहून चांगलं जमतं हेच दत्तारामाला जास्त झोंबलं.

नव्या प्लगाच्या भोकातून वायर ओवायला गाठ सोडावीच लागली. सोडली. मग घामेजल्या बोटांनी त्यानं ती तीनदा मारून पाहिली. दर वेळी गुंता जाडा व्हायचा, झाकण बसायचं नाही. बाई बघत उभ्या होत्या.

"उद्या आणून देतो," असं म्हणून त्यानं इस्त्री फडक्यात गुंडाळली.

राही ओटीवर बापाचं जाळं सांधत बसली होती. त्यानं इस्त्री आणि नवा प्लग तिच्यासमोर ठेवला. तिच्या बोटांचा वेग तेवढा मंदावला.

"रावजी किती वेळा आला?"

"आठ-धा वेळा. प्लग घेऊन इथं ओटीवरच बसतो, तुमच्या आयेसमोर."

"मला का नाय सांगितलंस?"

"गाठीचं पयलं तुमालाच सांगितलं होतं. तुमी हसलात."

तिनं जाळं बाजूला सारलं, मोकळ्या वायरीची टोकं निरखली आणि डिसमिससाठी डावा हात पुढे केला.

"रावजी आपलंच नाव सांगतो. ह्या वेळेला बाईंना कुणाचं सांगायचं?"

दत्तारामानं डिसमिस पुढे धरला. पण मूठ काही सुटेना.