बोंबीलचे चौथे पाऊल

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. सागाची, माणसाच्या उंचीहून बरीच लांब, कडांना झिजलेली. वेसाव्याच्या कोळीवाड्यात तुळशीदासच्या घराला चार उंच पायऱ्या आहेत, त्यांच्यावर मी तिरकी पडलेली असते. येणारे-जाणारे माझ्यावर पाय देतात. गल्लीतली मुले माझ्यावरून घसरगुंडी करतात आणि त्यांच्या आया ओरडतात. मला कुणाचा राग येत नाही. पायाखाली जाणे हेच फळीचे काम.

माझा जन्म एका नावेच्या उरलेल्या लाकडातून झाला. दादू सुताराने ती नाव बांधली होती. सगळे काम संपल्यावर एक लांब तुकडा शिल्लक राहिला. दादूने तो रंधा मारून गुळगुळीत केला आणि त्यावर आडव्या पट्ट्या ठोकल्या. मग तो तुळशीदासला म्हणाला, "हिच्यावरून भरली टोपली डोक्यावर घेऊन कुणी उतरू दे, पाय सरकायचा नाय." माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक.

माझे एक टोक नावेच्या काठावर आणि दुसरे धक्क्यावर असे. त्या दोघांमध्ये खाली पाणी हेलकावत असे आणि मी ताठ राहत असे. बर्फाच्या लाद्या, डिझेलचे कॅन, ओली जाळी, माशांचे क्रेट, सगळे माझ्यावरून गेले. तुळशीदासची बायको रत्नप्रभा लग्नानंतर पहिल्यांदा माझ्यावरून नावेत गेली, तेव्हा तिने नवऱ्याचा खांदा घट्ट धरला होता. वर्षभरात तीच रत्नप्रभा डोक्यावर टोपली घेऊन, एक हात कमरेवर ठेवून, समोरच्याला "सर रं बाजूला!" म्हणत उतरू लागली.

त्याच घरात पुढे बोंबील आला.

घाबरू नका, बोंबील म्हणजे मासा नव्हे, तो कुत्रा आहे. काठीसारखे हाडकुळे, लुळे पडलेले एक पिल्लू जिथे बोंबील वाळत घालतात त्या बांबूंखाली सापडले. तुळशीदासच्या मुलीने, रुचिकाने, ते ओढणीत गुंडाळून घरी आणले. रत्नप्रभा त्याला पाहून म्हणाली, "अगं, हा तर ओला बोंबील!" तेच नाव पडले. पण त्याचा बाप कुठल्या जातीचा होता कोण जाणे! वर्षभरात हा बोंबील वासराएवढा झाला. छाती रुंद, पाय लांब आणि शेपूट अशी, की एका फटक्यात चहाचा कप खाली.

त्याचा सगळा जीव नावेत. नाव धक्क्याला लागायच्या आधीच तो उडी मारून किनाऱ्यावर यायचा. मी पडलेली असायचे, पण माझ्यावर त्याने कधी पाय म्हणून ठेवला नाही. मला थोडे वाईट वाटायचे. तरी त्याची ती उडी पाहण्यासारखी असे, हे मला मान्य केलेच पाहिजे.

मग तुळशीदासने मोठी नाव घेतली. तिच्याबरोबर ॲल्युमिनियमची हलकी, चकचकीत फळी आली. मला घरामागे न्हाणीच्या भिंतीला टेकवून ठेवले. माझ्यावर फडकी वाळली, शेवाळ चढले, एका मांजरीने माझ्या आडोशाला चार पिल्ले घातली. कधी वाटे, आता आपण चुलीत जाणार. तेवढ्यात ती गोष्ट घडली.

थंडीचे दिवस होते. ओहोटीमुळे नाव धक्क्यापासून जरा खाली आणि दूर राहिली होती. बोंबीलने नेहमीसारखी उडी मारली. पुढचे पाय धक्क्यावर टेकले, पण मागचा उजवा पाय कडेवरून निसटला आणि वाकडा होऊन अडकला. त्याने एकच किंकाळी फोडली. त्या दिवशी तो तीन पायांवर घरी आला.

रत्नप्रभाने तेल गरम करून चोळले, हळदीचा लेप लावला. दोन दिवस बरे वाटे, तिसऱ्या दिवशी पाय पुन्हा वर. शेवटी रुचिकाने त्याला टेम्पोत घालून अंधेरीला धम्मपाल डॉक्टरांकडे नेले. परत आल्यावर ती मागच्या दारी आईला सांगत होती आणि मी ऐकत होते.

"आई, त्याच्या गुडघ्यातली दोरी तुटलीय. ऑपरेशन करायला लागणार. हाड कापून आत धातूची पट्टी बसवतात."

"आणि मग चालेल ना तो?"

"चालेल, पळेलसुद्धा. पण डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन आमचं, बरं करणं तुमचं. हाड जुळेपर्यंत उडी नाही, पळणं नाही, पायरी नाही."

"पायरी नाय?" रत्नप्रभा म्हणाली. "मग घरात शिरणार कुठून? एवढा मोठा घोडा उचलणार कोण?"

तुळशीदास तिथेच बसून जाळे विणत होता. तो उठला आणि माझ्याकडे आला. त्याने मला बोटाने ठोकून पाहिले, मग नखाने खरवडले. "ही अजून टणक आहे," तो म्हणाला.

मित्रांनो, त्या चार शब्दांनी मला काय वाटले ते कसे सांगू? त्याने मला घासून धुतले, उन्हात वाळवले, दादूने ठोकलेल्या पट्ट्यांच्या मधोमध आणखी पट्ट्या ठोकल्या आणि मला घराच्या पायऱ्यांवर टाकले.

ऑपरेशन होऊन बोंबील घरी आला, तेव्हा त्याच्या मांडीवरचे केस काढलेले होते आणि जखम चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचे मोठे नरसाळे होते. पोटाखालून टॉवेल घालून तुळशीदासने त्याचा मागचा भार उचलून धरला आणि तो माझ्यावर चढला. त्याचे तीनच पाय मला लागले. चौथा हवेत थरथरत होता.

घरातल्या गुळगुळीत लाद्यांवर गोणपाटे अंथरली गेली. एका कोपऱ्यात माशांचे रिकामे क्रेट रचून त्याच्यासाठी जागा अडवली. सुजेवर बर्फ लावा, असे डॉक्टरांनी सांगितले होते. "बर्फ!" रत्नप्रभा हसली. "दुसरं काय नसेल आमच्या घरात, बर्फ आहे."

पण खरे अवघड होते ते त्याला थांबवणे. नावांचे इंजिन वाजले की बोंबील उभा राहायचा आणि क्रेटला नाक लावून रडायचा. ते रडणे तुळशीदासला सहन होईना. समुद्रात वादळ झेललेला माणूस, पण कुत्रा रडला की उठून बाहेर जायचा.

एक दिवस रुचिका कामावर होती आणि रत्नप्रभा बाजारात मासळी विकायला गेली होती. तुळशीदास एकटाच घरी. बोंबील सारखा रडत होता.

"गप रं," तुळशीदास म्हणाला. "गप रं माझ्या राजा." मग त्याने इकडेतिकडे पाहिले आणि क्रेट बाजूला केले. "चल, बंदरापर्यंत जाऊन येऊ. पण हळू हां."

टॉवेल नाही, नुसती गळ्यात दोरी. बोंबील माझ्यावर आला. तो माझ्या मध्यावर असताना खाडीत भोंगा वाजला. त्या दिवशी खलाशांनी नेलेली त्यांचीच नाव परत येत होती. बोंबीलने कान टवकारले. मला त्याचे स्नायू आवळलेले कळले. मी काय करणार? फळीला हात नसतात. त्याने माझ्या मध्यावरूनच उडी घेतली, दोरी तुळशीदासच्या हातातून सुटली आणि बोंबील ऑपरेशनच्या पायावर खाली आदळला.

संध्याकाळपर्यंत पाय भोपळ्यासारखा सुजला. रुचिका आली आणि दारातच थबकली.

"बाबा, हे काय केलंस तू?"

"रडत होता गं तो."

"रडू दे ना! रडला असता, पण पाय वाचला असता. तुला दया आली, आणि भोगतोय तो!"

तुळशीदासने मान खाली घातली. "मला वाटलं, कोळ्याच्या कुत्र्याला कोंडून ठेवणं म्हणजे पाप," तो हळूच म्हणाला. त्या रात्री तो जेवला नाही. बोंबीलच्या बाजूला गोणपाटावरच आडवा झाला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पायाचा एक्स-रे फोटो काढला. पट्टी हलली नव्हती. पण डॉक्टर हसले नाहीत. "या वेळी नशीब चांगलं होतं," ते म्हणाले. "पुन्हा असं झालं तर मी खात्री देऊ शकत नाही. आता सगळं पहिल्यापासून."

घरी आल्यावर तुळशीदासने पुतण्याला, परेशला, बोलावले. परेश त्याच्याच नावेवर काम करायचा.

"हंगाम संपेपर्यंत नाव तू ने," तुळशीदास म्हणाला.

"काका, ऐन मासळीच्या दिवसांत? आणि तू?"

"मी किनाऱ्यावर. मला याच्याबरोबर चालायचंय."

सबंध वाडीत ही बातमी पसरली. तुळशीदास स्वतःच्या लग्नाच्या हंगामातसुद्धा किनाऱ्यावर राहिला नव्हता. आता तोच माणूस सकाळ-संध्याकाळ कुत्र्याच्या पोटाखाली टॉवेल धरून, वाकून, मुंगीच्या पावलांनी गल्लीतून चालू लागला. शेजारची शांताबाई दारातून ओरडायची, "काय रं तुळशीदास, नवरी घेऊन चाललास काय एवढा सावकाश?"

"नवरी नाय, नवरदेव आहे," तो म्हणायचा. "लाजतोय."

रडण्यावरचा उपाय रत्नप्रभाने शोधला. "पाय बांधले त्याचे," ती म्हणाली, "नाक कुठं बांधलंय?" ती उकडलेल्या, काटे काढलेल्या माशाचे बारीक तुकडे जुन्या जाळ्याच्या घड्यांत लपवून त्याच्यापुढे टाकू लागली. बोंबील पडल्या पडल्या हुंगत बसायचा. एकेक घडी नाकाने उलटायचा. अर्धा तास असा गेला की दमून झोपायचा. मात्र भात तिने कमी केला. वजन वाढले तर गुडघ्यावर येईल, हे तिने डॉक्टरांकडून नीट ऐकून घेतले होते. नावेचा भोंगा वाजला की आता तुळशीदासच क्रेटच्या आत जाऊन बसे आणि त्याच्या मानेवर हात ठेवे. "जाऊ दे तिला," तो म्हणे. "येईल ती परत."

दिवस गेले. रोज बोंबील माझ्यावरून उतरायचा आणि चढायचा. रोज मी मोजायचे: एक, दोन, तीन. चौथा पाय नाही. मग एकदा पानगळीचे पान पडावे तसा तो चौथा पाय मला टेकला आणि लगेच उचलला गेला. मी सांगणार कुणाला? दुसऱ्या दिवशी पुन्हा टेकला, जरा जास्त वेळ.

एका सकाळी रत्नप्रभाने अंगण धुतले होते. बोंबील ओल्या जमिनीवरून आला आणि माझ्यावर चढला. तुळशीदास टॉवेल धरून मागे होता. वर पोचल्यावर त्याने सहज मागे वळून पाहिले. माझ्या कोरड्या लाकडावर ओली पावले उमटली होती. डावी-उजवी पुढची दोन, मागचे एक आणि त्याच्या शेजारी आणखी एक. फिकट, पण पुरे, चारही बोटांसकट.

तुळशीदास त्या ठशांवर वाकला.

"रत्ना! रत्ना, बाहेर ये! रुचे, धाव!"

दोघी घाबरून धावत आल्या. तो नुसता बोट दाखवत होता. रुचिका खाली बसली आणि तिने त्या ठशाभोवती बोट फिरवले. ऊन चढत होते, ठसा सुकत चालला होता. "बाबा," ती म्हणाली, "हे तुझ्या चालण्याचं फळ आहे." तुळशीदासने डोळे पुसले आणि टॉवेलनेच पुसले, तो किती मळका आहे हे न बघता.

त्यानंतर टॉवेल सुटला, मग नरसाळे सुटले. मांडीवर केस आले. डॉक्टरांनी पुन्हा फोटो काढला, हाड जुळले होते. या वेळी ते हसले. हळूहळू पळू द्या म्हणाले, नावेतही न्या म्हणाले.

त्या दिवशी अर्धी वाडी धक्क्यावर जमली होती. नाव काठाला लागलेली, परेश नावेत उभा. बोंबील धक्क्याच्या कडेला आला, शेपूट हलवू लागला आणि त्याने अंग आखडले. तुळशीदास ओरडला, "थांब! फळी आण. ती जुनी. पट्ट्यांची."

परेश हसला. "काका, आता मारेल की तो उडी!"

"मारेल," तुळशीदास म्हणाला. "म्हणूनच फळी टाक."

मला आणून टाकले. बोंबीलने माझ्याकडे पाहिले, मग मालकाकडे पाहिले. आणि मित्रांनो, तो वासराएवढा, वाऱ्यासारखा कुत्रा चार पायांनी, एकेक पाऊल टाकत माझ्यावरून चालत नावेत गेला. त्याचा सगळा भार मला लागला. इतका सुखाचा भार मी कधी उचलला नव्हता.

मित्रांनो, तुमच्या घरचे जनावर दुखावले तर त्याच्या रडण्याला भिऊ नका आणि त्याच्या बरे होण्याची घाई करू नका. दया सगळ्यांनाच येते. धीर मात्र रोज नव्याने धरावा लागतो. आणि तुमच्याही घरामागे कुणी जुने, शेवाळलेले भिंतीला टेकून उभे असेल, तर त्याला चुलीत घालण्याआधी एकदा बोटाने ठोकून बघा. ते अजून टणक असेल.