बारशाच्या दिवशीचा पेन ड्राइव्ह

बारशाच्या दिवशी आत्याचा भाव जेवढा वधारतो तेवढा एरवी कधीच वधारत नाही, आणि मी तर त्या दिवसाची सात वर्षं वाट पाहिलेली आत्या होते. जळकोटच्या स्टँडजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्या दिवशी शटरवर कागद चिकटवला, ‘भाचीचं बारसं आहे, उद्या या’, आणि खाली सही करून घराकडं निघाले. वाटेत चहावाल्यानं विचारलं, मेडिकलवाल्यानं विचारलं, अनोळखी बाईनंसुद्धा विचारलं असतं तर मी थांबून सांगितलं असतं. नाव काय ठेवणार ते मात्र कुणालाच सांगितलं नाही. नाव आत्याच्या पोटात राहतं आणि बाळाच्या कानात पहिल्यांदा बाहेर पडतं, ही आमच्याकडची रीत.

घरी पोचले तेव्हा नऊ वाजले होते. भागवतदादा पाळण्याला फुगे बांधत होता आणि निम्मे फोडत होता. आई, म्हणजे हरणाबाई, घुगऱ्यांसाठी भिजवलेले हरभरे उपसत होती. बाळाला उराशी धरून शिवांजलीवहिनी माझ्याजवळ आली आणि ओढणीत गुंडाळलेला एक लहानसा लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवला.

“वन्सं, ह्यात माझ्या आईचा पाळणा हाय,” ती म्हणाली. “तिच्या आवाजातला. बाळ पाळण्यात जायच्या आदी लागला पायजे. तेवढं करा.”

वहिनीचं माहेर ढोकीचं. तिची आई, कस्तुराबाई, गेल्या साली वारली. सात वर्षांपूर्वी, वहिनी पहिल्या खेपेला बाळंतपणाला माहेरी गेली होती तेव्हा, कस्तुराबाईंनी पाळणा म्हटला होता आणि वहिनीनं तो या लॅपटॉपवर भरून घेतला होता. मग ते सगळंच एका ट्रंकेत बंद झालं, शिवलेली टोपडी, दुपटी, लॅपटॉप. सात वर्षांत ती ट्रंक कुणी उघडली नव्हती. आज वहिनीनं ती स्वतःच्या हातानं उघडली होती, आणि तिच्या चेहऱ्याकडं बघून मी ‘होईल’ म्हणून टाकलं. दुकानात मी असं कधी कुणाला म्हणत नाही.

लॅपटॉप चार्जिंगला लावला तर दिवा लागला, कंपनीचं चिन्ह आलं आणि पुढं काळा पडदा. आतली ऑपरेटिंग सिस्टिम मोडली होती. एरवी मी हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली असती, पण या स्वस्तातल्या मॉडेलची साठवण मदरबोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते, निघत नाही. उपाय एकच होता. पेन ड्राइव्हवर दुसऱ्या सिस्टिमचा इन्स्टॉलर चढवायचा आणि मशीनला त्या पेन ड्राइव्हवरून उठवायचं. काही इन्स्टॉलर आतलं काही न पुसता तात्पुरते चालतात. तसा एक माझ्या पिशवीतल्या दुकानच्या लॅपटॉपवर होताच. अर्ध्या तासाचं काम. दिवसाला असे दोन तरी मी बनवते.

इन्स्टॉलर चढवताना पेन ड्राइव्हला नाव द्यायचा एक रकाना असतो. मी नेहमी इंग्रजीत ‘जळकोट’ लिहिते, म्हणजे गिऱ्हाईकाकडं विसरला तरी परत येतो. तसंच लिहिलं, बटण दाबलं, हिरवी पट्टी पूर्ण भरली. पेन ड्राइव्ह वहिनीच्या लॅपटॉपला लावला. मशीन म्हणालं, उठण्यासारखं काही सापडलं नाही.

असं होतंच. मी सिक्युअर बूट, म्हणजे बाहेरच्या सिस्टिमला अडवणारं आतलं कुलूप, बंद केलं, दुसऱ्या खाचेत लावून पाहिलं, इन्स्टॉलरची फाईल अर्धवट तर उतरलेली नाही ना, तेही तपासलं. फाईल ठणठणीत होती. मग पेन ड्राइव्ह परत माझ्या लॅपटॉपला जोडला आणि तेव्हा दिसलं की त्याचं नाव ‘जळकोट’ नव्हतं.

इंग्रजी अक्षरांत तिथं ‘शेवंती’ असं लिहिलेलं होतं.

मी बाहेर येऊन दोन तांबे पाणी प्याले. आई म्हणाली, “काय गं, ऊन लागलं का?” मी म्हटलं, “व्हय.”

वहिनीची पहिली मुलगी सोलापूरच्या दवाखान्यात नऊ दिवस होती. मी तिला काचेतूनच पाहिलं. बारसं बाराव्या दिवशी असतं, म्हणून तिचं झालं नाही. पण आत्या काय बाराव्या दिवसापर्यंत थांबते? जळकोटाहून सोलापूरला जाताना एसटीच्या खिडकीशी बसून मी तिचं नाव ठरवून टाकलं होतं. रस्त्याकडेच्या एका मळ्यात पिवळी शेवंती फुलली होती, एवढंच कारण. ते नाव मी कुणाला सांगितलं नाही, कुठं लिहिलं नाही, आणि दहाव्या दिवशी ते घेऊन तशीच परत आले. तिच्यासाठी रडायचं तर हाक मारायला नाव हवं, आणि ते एकट्या मला ठाऊक होतं. म्हणून मी एकटीच, दुकानात, शटर ओढून रडले होते.

पण मी दुरुस्ती करणारी बाई आहे. भुताखेतांवर विश्वास ठेवला तर माझं दुकान बंद पडेल. माझीच बोटं घसरली असतील, असं मी ठरवलं. सकाळपासून डोक्यात बारसंच आहे, बाळ आहे, नाव आहे. मनातलं हातात उतरलं, त्यात नवल काय! पेन ड्राइव्ह पुसला, पुन्हा बनवला, एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत ‘जळकोट’ लिहिलं. पट्टी भरेपर्यंत नाव तेच होतं. पट्टी भरली आणि शेवंती.

पेन ड्राइव्हच खराब, म्हणून मी दादाकडं त्याचा ट्रॅक्टरवरचा मागितला. त्याचं तोंड पडलं.

“आगं, चारशे गाणी हाईत त्यात. देवाची येगळी, डीजेची येगळी. लई मेहनतीनं लावल्यात.”

“दादा, पोरगी मोठी का डीजे?”

“पोरगीच मोठी,” तो म्हणाला आणि पेन ड्राइव्ह देता देता पुटपुटला, “पर डीजे बी काय ल्हान न्हाय.”

त्याची चारशे गाणी माझ्या लॅपटॉपवर काढून ठेवली, पेन ड्राइव्ह कोरा केला, इन्स्टॉलर चढवला. वहिनीच्या मशीननं तोही नाकारला. नाव बघायचं नाही असं ठरवून मी तो काढला आणि तरीही पाहिलं. माझा लॅपटॉप खोटं दाखवत असेल म्हणून मोबाईलला जोडून पाहिलं. मोबाईलही तेच दाखवत होता.

दादाला मोटरसायकलवर नळदुर्गला पिटाळलं. दीडच्या सुमाराला तो नवाकोरा पेन ड्राइव्ह घेऊन आला, पुठ्ठ्यावर प्लास्टिकमध्ये घट्ट बसवलेला, कात्रीशिवाय न निघणारा. मी माझ्या हातानं कापला. काही चढवलं नाही, काही पुसलं नाही, नुसता जोडला.

शेवंती.

खरं सांगते, मला भीती वाटायला हवी होती, पण नाही वाटली. घरात हरभरा शिजल्याचा वास सुटला होता, दादा दारात रांगोळीवर पाय देऊन शिव्या खात होता, वहिनी बाळाच्या गालाला काजळाचा ठिपका लावत होती. एवढ्या आनंदाच्या घरात भीतीला टेकायला जागाच नव्हती. वाटलं ते वेगळंच. कुणीतरी मघापासून दारात उभं आहे, हाक मारतंय, आणि आपण कामाच्या गडबडीत ‘थांब जरा, थांब जरा’ म्हणतोय, असं वाटलं. मी ‘जळकोट’ लिहूनच इन्स्टॉलर चढवला, पेन ड्राइव्ह वहिनीच्या लॅपटॉपला लावून तो फडताळावर ठेवला, आणि दर पाच मिनिटांनी जाऊन बटण दाबत राहिले. दर वेळी तोच काळा पडदा आणि तीच पांढरी ओळ.

पाच वाजले. गल्लीतल्या बायका जमल्या, माजघरात पाय ठेवायला जागा उरली नाही. वहिनी पाळण्याजवळ बाळाला घेऊन बसली होती, आणि बायकांच्या डोक्यांवरून माझ्याकडं बघत होती. मी मान हलवली, नाही म्हणून. तिनं खाली पाहिलं. तिचा तो चेहरा मला बघवला नाही.

“दैवशाले, ते डबडं ठिव आता,” आई ओरडली. “आत्याबिगर वरवंटा हालत न्हाय.”

आमच्याकडं बाळ पाळण्यात घालायच्या आधी वरवंटा घालतात. पाट्यावरचा रोजचा वरवंटा धुवून, तेल लावून, हळदकुंकू लावून त्याला बाळासारखं सजवायचं. एकीनं तो पाळण्याच्या वरून द्यायचा, दुसरीनं खालून घ्यायचा, असं तीनदा, देवांची नावं घेत. दगडासारखं घट्ट आयुष्य लाभावं म्हणून, असं म्हणतात. आईनं त्याला ट्रंकेतलं एक टोपडं घातलं होतं, सात वर्षांपूर्वी शिवलेलं, निळ्या काठाचं, कुणाच्याच डोक्याला न लागलेलं. नव्या बाळाला नवं घ्यायचं म्हणून जुनं दगडाला, एवढाच तिचा हिशेब असावा.

आईनं वरून दिला, मी खालून घेतला. पहिल्यांदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा वरवंटा माझ्या हातात आला आणि मी तो परत द्यायला विसरले. टोपड्याचा निळा काठ माझ्या अंगठ्याखाली होता. बायका हसत होत्या, “आगं दे की, लेकरू न्हाय ते,” कुणीतरी म्हणालं. वरवंट्याच्या कानात नाव सांगायची रीत कुठंच नाही. मला ते चांगलं माहीत होतं. तरी मी तोंड टोपड्याच्या काठाशी नेलं, आणि जसं बाळाच्या कानात करतात तसं हळूच कुर्र केलं, आणि म्हटलं, “शेवंती.”

सात वर्षांत ते नाव मी पहिल्यांदा तोंडानं उच्चारत होते. आईनं माझ्याकडं पाहिलं आणि वरवंटा माझ्या हातून घेतला. सुपात तांदळावर तिनं तो आडवा ठेवला.

तेवढ्यात फडताळावर उजेड पडला.

बायकांमधून वाट काढत मी धावले. लॅपटॉप उठला होता, बटण न दाबता. पडद्यावर इन्स्टॉलर विचारत होता, सिस्टिम बसवायची की नुसती चालवून बघायची. ‘चालवून बघा’वर मी बोट ठेवलं, आतली साठवण उघडली, वहिनीच्या नावाचा फोल्डर, त्यात गाणी. शेजारी पेन ड्राइव्हचं नाव दिसत होतं, जळकोट. त्याच्याकडं मी दुसऱ्यांदा पाहिलं नाही. दादानं लग्नाकार्याचा मोठा स्पीकर जोडला आणि आवाज एवढा चढवला की पहिल्या सुरालाच दोन फुगे फुटले.

आणि कस्तुराबाई गायल्या. जाडसर, ढोकीकडच्या हेलाचा आवाज, मधेच खोकला, मधेच ‘आगं भरून घ्यायलीस का?’ असं लेकीला विचारणं. बायका आधी गप्प झाल्या आणि मग सगळ्याजणी कस्तुराबाईंच्या मागून म्हणू लागल्या. वहिनी रडत होती आणि हसत होती, आणि रडता हसताच तिनं बाळ पाळण्यात ठेवलं. मी वाकले, कुर्र केलं, आणि माझ्या भाचीला तिचं नाव दिलं, सृष्टी. मग काय, पाठीवर धपाटे बसायला लागले. आत्याला मारायची ही एकच अधिकृत संधी, ती कोण सोडेल? दादानं तर दोन्ही हातांनी वसूल केली, डीजेच्या गाण्यांसकट.

दिवेलागणीला बायका घुगऱ्या घेऊन गेल्या. दादा ओट्यावर आडवा झाला होता. वहिनी भिंतीला टेकून बसली होती, पाळणा तिसऱ्यांदा ऐकत. सृष्टी तिच्या मांडीवर टक्क जागी होती, पाय झाडत, फुटक्या फुग्याकडं बघत. इतका चांगला दिवस आमच्या घरानं कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता, आणि हे मी मोठ्यानं म्हटलंसुद्धा.

आई स्वयंपाकघरात लसूण सोलत होती. रात्रीच्या ठेच्यासाठी पाटा मांडायचा होता, म्हणून मी वरवंटा आणायला गेले. सूप कोपऱ्यात, वाऱ्याच्या आड सरकवलेलं होतं. त्यात टोपड्यासकट वरवंटा तसाच होता, आणि त्याच्यावर कुणीतरी ट्रंकेतलं दुपटं पांघरलं होतं, गळ्यापर्यंत, नीट दोन्ही बाजूंनी खोचून. मी हात घातला तर दुपट्याखाली ऊब होती.

“ऱ्हाऊ दे गं,” आई लसणावरून मान वर न करता, अगदी हळू आवाजात म्हणाली. “आत्ता कुठं डोळा लागलाय तिचा.”

बाहेर सृष्टी हुंकार देत होती. मी हात काढून घेतला, दुपट्याची कड होती तशी केली. मग खलबत्ता उचलला, आणि आवाज होऊ नये म्हणून पार अंगणाच्या टोकाला जाऊन लसूण कुटला.