चौथा माठ

पीठ मळताना पाणी एकदम ओतायचं नाही.

बद्रीनाथच्या घरची पांढरी शेळी कालपासून दिसत नाही. कोणाला आढळल्यास बसथांब्याजवळ आणून द्यावी.

वेणी घालताना तिसरी बट हातातून सुटतेच.

नाव येणार नाही, काका. चेहरा दिसणार नाही.

परभणीला अम्मीची तब्येत बरी नाही, म्हणून ती तिकडं गेली आहे.

उद्या नळाला पाणी येणार नाही, याची नोंद घ्यावी.

यातलं एक वाक्य सोडलं तर बाकी सगळी लालमियाँच्या आवाजातली. टेंभुर्णीत हा आवाज ओळखत नाही असा माणूस नाही. रिक्षाच्या टपावर भोंगा, हातात माइक, आणि गावाला जे काही कळायचं ते याच्या तोंडून. रेशन आलं, लाइट जाणार, अमक्याची मयत, तमक्याचं लग्न. गावात आलेल्या नव्या सुना सासऱ्याच्या आधी लालमियाँचा आवाज ओळखायला लागतात.

आणि आकांक्षा नावाच्या पुण्याच्या मुलीनं त्याला सांगितलं होतं की फक्त आवाज असेल, म्हणजे कोणाला काही कळणार नाही. तिला माहीत नव्हतं, हे समजण्यासारखं होतं. पण लालमियाँलाही ते खरं वाटलं. आपलं नाव म्हणजे आपण, एवढाच हिशोब त्याच्या डोक्यात होता.

बाजाराचा दिवस. कापसाच्या बंद गोदामात आकांक्षाच्या संस्थेनं प्रदर्शन मांडलं होतं. नाव ‘कात’. माणूस कसा बदलतो, पुन्हा नवा कसा होतो, ते गावानंच गावाला सांगायचं. दहा-दहा जणांनी चपला काढून आत जायचं. सगळीकडे काळं कापड, पायाखाली ओली माती, मातीत उगवलेले मूग. अंधारात माठ टांगलेले. माठाला कान लावला की आतून कोणीतरी आपली गोष्ट सांगतं. शेवटी एकदम उजेड आणि समोर आरसा.

या प्रदर्शनाची जाहिरात लालमियाँनंच केली होती. ‘सहकुटुंब, सहपरिवार या!’ आजही सकाळपासून तो आजूबाजूच्या वस्त्यांवर ओरडून आला होता. गोदामापाशी रिक्षा लावतो न लावतो तोच काकासाहेब पायाची माती झटकत बाहेर आले.

"काय रे लालमियाँ, पीठ मळाया शिकला म्हणं तू?"

लालमियाँ हसला. मग हसू थांबलं. "कोन म्हनलं?"

"तूच म्हनून राह्यला की मडक्यात! चौथ्या माठात. मला वाटलं, आता हा आतमधी बी नळाचं पाणी सुटल्यालं सांगतो का काय!"

"मंग पुढं काय म्हनला मी?"

"पुढचं कुठं ऐकू देतेत? मागून ढकलून राह्यले सगळे. दुपारून उषाला घेऊन येतो, मंग बराबर ऐकतो. पोळ्या गोल येत्यात का रे तुह्या?"

पुढं काय होतं ते लालमियाँला पाठ होतं. हिवाळ्यात शाळेत आकांक्षानं गोष्टी रेकॉर्ड करायला कापडाची एक खोली उभारली होती. अंधारी, समोर कोणी नाही. तिथं बसल्यावर त्याच्या तोंडातून आयुष्यात पहिल्यांदा असं काही बाहेर पडलं जे कोणी सांगायला दिलेलं नव्हतं. पोरगी मदीहा लहान असताना तो पोळ्या शिकला, तिच्या वेण्या घालायला शिकला. का शिकला? त्याची बायको अजीजुन्निसा परभणीला गेलीच नव्हती. ती शहरातल्या वेड्यांच्या वॉर्डात होती. अम्मीची तब्येत वगैरे सगळं त्यानं गावाला सांगितलं होतं, आणि गावानं त्याच्या इतर सगळ्या सांगण्यासारखं तेही खरं मानलं होतं. ती बरी होऊन आली. आता गावातल्या निम्म्या बायांचे ब्लाऊज तीच शिवते. पोरी तिच्याकडं मशीन शिकायला येतात.

उद्या कोणी आपली पोर पाठवील?

"मॅडम, तेवढं मडकं बंद करा."

"काका!" आकांक्षानं त्याचे दोन्ही हात धरले. "सगळ्यात सुंदर माठ तुमचाच आहे. लोक रडत बाहेर येतायत."

"म्हनून तर म्हनून राह्यलो, काढा. जल्दी काढा."

"तुम्हीच त्या दिवशी म्हणाला होतात, मोकळं वाटलं."

"मी झाल्तो मोकळा. ती कुठं झाली?"

आकांक्षानं त्याचे हात सोडले. तिला कळलं, असं त्याला वाटलं. तिनं लॅपटॉपपाशी बसलेल्या प्रितमकडं पाहिलं.

"सगळे माठ एकाच फाइलवर आहेत," प्रितम म्हणाला. "एक काढायचा तर सगळं बंद करून पुन्हा जुळवावं लागेल. चारला पाहुणे येतायत."

"पाहुणे गेले की लगेच बंद करतो, काका. शब्द देते. तोवर कोण ओळखणार आहे?"

"काकासाहेबानं ओळखलं."

"एकानंच ना?"

लालमियाँनं कपाळावर हात मारून घेतला. मग चपला काढून आत गेला.

रुमालाचा बोळा करून त्यानं चौथ्या माठाच्या तोंडात कोंबला. थोड्या वेळानं प्रितम टॉर्च घेऊन आला आणि, "काका, स्पीकर खराब होईल," म्हणत बोळा काढून देऊन गेला. माठ पुन्हा बोलू लागला. पीठ. पाणी. वेणीची बट. मग एक श्वास. आणि त्या श्वासानंतर—

"टेंभुर्णीच्या समस्त गावकऱ्यांना कळविण्यात येते की, रेशनचा गहू आलेला आहे!"

अंधारात बाया दचकल्या. मग हसल्या. लालमियाँ माठाला पाठ लावून उभा होता आणि बिनभोंग्याचा ओरडत होता. माठातली गोष्ट संपेपर्यंत त्यानं गहू वाटला, नळाला पाणी सोडलं, लसीकरणाला लेकरं बोलावली. गोष्ट पुन्हा सुरू झाली. तो थांबला. पीठ, पाणी, बट, श्वास. पुन्हा गहू.

उषाबाई आल्या तेव्हा नवऱ्याला म्हणाल्या, "आवं, इथं बी रेशनच! मला वाटलं काई नवीन आसंल."

"सकाळी येगळं होतं," काकासाहेब म्हणाले. "लालमियाँ, सरक की. ऐकू दे."

"पुढं चला, पुढं चला! मागं लाइन हाय!"

चारला पाहुणे आले. चौथ्या माठापाशी थबकले. लालमियाँचा घसा तोवर फाटला होता, शेळी हरवल्याचं सांगताना आवाज मधेच चिरकत होता. आकांक्षा मोबाइलवर सगळं टिपत होती. तिचे डोळे भरून आले होते.

"काका, हे अप्रतिम आहे. आतला आवाज आणि बाहेरचा आवाज! हे आपण रोज ठेवू या."

"मॅडम," लालमियाँ कुजबुजला, कारण आता तेवढंच निघत होतं, "तुमाला मी काय सांगून राह्यलो, अन् तुमी काय ऐकून राह्यल्या?"

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. ते गेल्यावर आकांक्षानं शब्द पाळला. माठ बंद झाले.

तो बाहेर आला तेव्हा बाजार उठत होता. अजीजुन्निसा रिक्षात मागच्या सीटवर बसली होती. पिशवीत पालक होता आणि हातात कोमट पाण्याची बाटली.

"गला बैठ गया तुम्हारा."

"हौ." तो पाणी प्यायला. "तू अंदर नक्को जा. बंद हो गया सब. कुछ नै उसमें. मिट्टी, मटके, बस."

"नै जाती."

त्यानं रिक्षा चालू केली. गोदाम मागं पडलं, बाजार मागं पडला. आरशात त्यानं एकदा तिच्याकडं पाहिलं. ती पालकाच्या जुडीला बांधलेला दोरा सोडत होती. त्याला वाटलं, वाचलो.

त्याच दिवशी सकाळी, तो वस्त्यांवर ओरडत फिरत असताना, गोदामाचं दार उघडलं तेव्हा पहिल्या दहा जणांत अजीजुन्निसा होती, आणि मागून ढकलायला कोणी नसल्यामुळं तिनं चौथ्या माठातलं शेवटपर्यंत ऐकलं होतं.