काचेचं मोकळं टोक

ताईच्या बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. रस्त्यावरची माणसं टाचा उंचावून खिडकीतून बघत होती. फरशीतल्या भेगेशी खिळेबाबा उभा होता, हातात वीतभर लांबीचा लोखंडी खिळा.

"वर्ष झालं!" तो गरजला. "सात घरांत सात खिळे. भुई जागच्या जागी ठोकून टाकली की नाही? काचेला तडा दिसतो का?"

"नाही!" सगळे ओरडले.

मी गवंडी. चाळीस वर्षं भेगा बघतोय, आणि खरं सांगायचं तर लोकांना समजावून आता जीव विटलाय. ती काच मीच लावली होती. भेगेवर काचेची पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं सिमेंटनं पक्की करायची. जमीन सरकली की काच तुटते. पुढे बाबानं सातही घरांतल्या पट्ट्या मंत्रून देतो म्हणून काढून नेल्या. शिष्यांनी त्या केशरी रंगवून परत बसवल्या आणि उरलेल्या भेगेवर गालिचा अंथरला.

गल्लीतल्या सातही घरांखालून तीच भेग जाते. शाळेतल्या भूगोलाच्या बाईंनी मला नकाशाच दाखवला होता.

"जमिनीचं कवच अखंड नाही, मिस्त्री. मोठमोठे तुकडे आहेत. इथे दोन तुकडे एकमेकांना घासत सरकतात, नखं वाढतात तेवढ्या सावकाश. त्यांच्याच रेटारेटीत समुद्राचा तळ वर आला आणि मागचा डोंगर झाला. म्हणून त्याच्या दगडात शिंपले सापडतात. पण कधी हे तुकडे अडकून बसतात आणि मग एकदम सुटतात. त्या दिवशी या घरांत कुणी असायला नको."

ताई माझ्याकडे राहायला यायची होती. बाबा आला आणि तिनं बांधलेली गाठोडी सोडली.

मी गर्दीतून पुढे गेलो आणि कुरकुरत्या गुडघ्यांवर बसलो. खिशातली पत्र्याची मोजपट्टी काचेच्या डाव्या टोकाखाली सरकवली. ती अलगद आत गेली. ते टोक चिकटवलेलंच नव्हतं. जमीन सरकायची, काच नुसती घसरायची. तुटणार कशी?

"अश्रद्ध हात लागला!" बाबा किंचाळला. "आत्ता सुटली!"

"एका बोटानं सिमेंट सुटत असतं, तर मी छिन्नी-हातोडा कशाला बाळगला असता?"

मी काच उचलली. खाली माझी जुनी पेन्सिलची रेघ होती, काच पहिल्यांदा लावताना भेगेवरून आडवी ओढलेली. भेगेच्या अलीकडची अर्धी आणि पलीकडची अर्धी, मध्ये बोटभर फरक. भूगोलाच्या बाईही गर्दीत होत्या; त्यांनी सगळ्यांना वाकून बघायला लावलं. बाकीच्या सहा घरांतही हेच निघालं. तोवर बाबा मागच्या दारानं पसार झाला होता. गालिचाही नेला.

खोली रिकामी झाली. ताई पलंगावर बसून राहिली.

"मला ठाऊक होतं रे," ती म्हणाली. "फरशी पुसताना ती काच हलायची."

"मग बोलली का नाहीस?"

"ह्यांनी बांधलेलं घर आहे. तू आणि बाई निघ म्हणत होतात. बाबा एकटाच राहा म्हणत होता."

मला राग आला नाही, वाईट वाटलं. बाबाचा धंदा खिळ्यावर चालत नाही, आपल्याला जे ऐकायचं असतं त्यावर चालतो. म्हणून एवढंच सांगतो: चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी त्याची दोन्ही टोकं हलवून बघा.

ताई बराच वेळ रेघेकडे बघत होती.

"तू सरळच ओढली होतीस ना?"

"मोजपट्टी लावून."

ती उठली आणि अंथरुणाची वळकटी बांधायला लागली.