हसल्याशिवाय पटत नाही

“हस गं आई. जरासं. दात नाही दाखवलेस तरी चालेल.”

आई ढिम्म. फोनवर लाल अक्षरं आली: ‘पडताळणी झाली नाही’. समोर नुसता फोटो धरलेला नाही, जिवंत माणूस आहे, हे त्या ॲपला पटावं म्हणून डोळे मिचकावायचे आणि हसायचं. त्याशिवाय आईची पेन्शन पुढे चालू राहणार नव्हती, आणि तिची औषधं त्यावरच. आता एकच प्रयत्न उरला होता. तोही हुकला की अर्ध्या अंगाने लुळ्या आईला उचलून कचेरीचे जिने चढायचे.

मी रुग्णालयात आया आहे. दिवसभर परक्यांचं करते, घरी आल्यावर आईचं. अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं, सगळं मीच. त्या बदल्यात एक हसू मागितलं, तर बाईसाहेबांचा चेहरा असा, जसं काही मी तिचं घोडंच मारलंय!

“धाकटीला लाव,” आई पुटपुटली.

व्हिडिओ कॉल लावला. माझ्याच हातांनी. आईचा फोन समोर टेकवला आणि ॲपवाला माझा फोन त्याच्या शेजारी धरला. धाकटी परगावी असते, वर्षातून एकदा उगवते, अत्तराची बाटली देते आणि जाते.

“आईऽऽ! काय दिसतेयस गं! कुणाच्या लग्नाला निघालीस?”

आणि आई हसली. तोंडभर. आजारपणाने वाकडा झालेला ओठसुद्धा उचलला गेला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला, पण हात हलू दिला नाही. हिरवी खूण आली.

“झालं ना ताई? मी नसते तर तुझं कसं व्हायचं गं!” धाकटी खिदळली आणि फोन ठेवून मोकळी झाली.

वाटलं, सुटले. तर ॲपचं पुढचं टुमणं: मदत करणाऱ्याचं नातं? मी ‘मुलगी’ निवडलं. आता तुमचा चेहरा दाखवा. डोळे मिचकावा. हसा.

कसलं डोंबलाचं हसू येतंय! मी आईकडे पाहिलं. बंद पडद्याचा फोन तिने छातीशी धरला होता, पुन्हा वाजेल म्हणून.

मग वॉर्डात नातेवाइकांसमोर हसते, तसं हसले. फोनला ते लगेच पटलं.

“झालं?” आईने विचारलं.

“झालं.”

“मग कळव तिला. काळजीत असेल पोर.”