पूर्ण घटिका

मोरोपंतांनी तांब्याचे घटिकापात्र घंगाळातल्या पाण्यावर अलगद सोडले आणि टाक दौतीत बुडवला.

"हं मानाजी, बोल."

देवास संस्थानाच्या धाकट्या पातीच्या कचेरीबाहेर, चिंचेखाली बसून ते लोकांचे अर्ज लिहून देत. अर्जाला दोन आणे. एका अर्जाला एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटे लागतात, तेव्हा आपल्याला तासाला पाच आणे पडतात, असे ते वीस वर्षे सांगत आले होते. मग धारहून वीस रुपये पगाराच्या कारकुनीचे पत्र आले, आणि राजाबाईंनी नवऱ्याला विचारले, "तासाला पाच आणे, तर ते घरी येईपर्यंत जातात कुठे?"

म्हणून ही मोजणी. लग्नमुहूर्तासाठी ठेवलेले हे पात्र पंतांनी सासुरवाडीहून मागून आणले. तळाच्या बारीक छिद्रातून पाणी शिरून ते बरोबर एका घटिकेत बुडे. पाच दिवसांत अर्जामागे सरासरी तीन घटिका निघाल्या. तासाला पावणेदोन आणेही नाहीत. कारकुनीत, रविवार वगळून दिवसाचे सहा तास धरले, तर दोनाहून थोडे अधिक पडत होते. पंतांनी होकाराचे पत्र लिहिले. ते आजच्या टपालात पडले नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

एकच गोष्ट खुपत होती. नोंदींत दोन, तीन, चार घटिका होत्या. अडीच कुठेच नव्हत्या.

मानाजी शिंप्याचा अर्ज लिहून झाला, पात्र बुडाले, पंतांनी ते पुन्हा सोडले, तरी तो मेहुण्याच्या म्हशीविषयी बोलतच राहिला.

"मानाजी, उठत का नाहीस?"

"कटोरी तरंगतेय ना, पंत. डुबायच्या आधी उठलं तर काम बिघडतं. सगळेच बसतात. डुबली की उठावं म्हणतो, तर तुम्ही लगेच दुसऱ्यांदा सोडता!"

पाच दिवस पंतांनी अर्ज नव्हे, शकुन मोजला होता.

"आणि हे आज सांगतोस?"

"मला वाटलं, तुम्ही आमच्या भल्यासाठीच सोडता."

रस्त्यावरून डाकवाला ओरडला, "पंत, काही टाकायचंय का? थैली बांधतोय!"

पत्र हातात घेऊन पंत अर्धवट उठले. पात्राचा काठ अजून बोटभर पाण्यावर होता. ते खाली बसले.

"जरा थांब."

"थांबून कसं चालेल? तांगा निघाला!"

घुंगरांचा आवाज दूर गेला. पात्राने एक बुडबुडा सोडला आणि तळ गाठला.

"चला," मानाजी उठत म्हणाला, "सुटलो दोघं."

पंतांनी वही उघडून या दुसऱ्या खेपेची वेगळी नोंद केली. घटिका : एक. अर्ज : शून्य. कारणाच्या रकान्यावर टाक बराच वेळ थांबला. मग रकाना कोराच सोडून त्यांनी टाक पुसून ठेवला.