कानावरच्या खाचा

सुयुमकानने मेंढीचं डोकं गुडघ्यांत दाबलं आणि डावा कान उलटून धरला. टोकाला एक खाच, मागच्या कडेला दोन. तिने कान सोडला. मग तेवढ्यात खाचा बदलल्या असतील अशा आशेने पुन्हा धरला.

"किती वेळा बघाल, अध्यक्षबाई? कान तोच आहे," बातमा म्हणाली. "सगळ्या तुयुक-कोल गावात ही खूण एकाच घराची. आपल्या म्हाताऱ्या ओरोझाली आकेची."

जमलेल्या वीसेक माणसांच्या चेहऱ्यांवर समाधान पसरलं. आपली नाही ना, एवढंच प्रत्येकाला बघायचं होतं.

तळ्यावरचा उतार तीन वर्षं चराईला बंद, हे गावाने मागच्या वसंतात हात वर करून ठरवलं होतं. कळपांनी तो खरवडून काढला होता. प्रत्येक पावसाबरोबर माती खाली येत होती, तळं उथळ होत होतं, झरे बुजत होते. नियम मात्र चराई समितीची अध्यक्ष म्हणून एकट्या सुयुमकानचा: बंद उतारावर सापडलेली मेंढी कापायची, गावाने मिळून खायची, आणि मालकाने मानाच्या जागी बसून सगळ्यांसमोर तिचं डोकं, म्हणजे थोर पाहुण्याच्या मानाचा वाटा, स्वीकारायचं. दंड भरला की माणूस मोकळा होतो, मान देऊन लाजवला की होत नाही, असा तिचा हिशेब. तेव्हा सर्वांत मोठ्याने ओरोझालीच हसला होता. "डोकं मिळणार असेल तर मी रोज एक मेंढी वर सोडतो!"

आता सुयुमकानची बोटं वर उतारावर सापडलेल्या या मेंढीच्या मागच्या पायावर थबकली होती. तिथे पूर्वी मोडलेल्या हाडाची गाठ होती. ती गाठ तिने हिवाळाभर स्वतः शेकली होती. शरदात तिच्या नवऱ्याने, तालायने, ओरोझालीकडून चार मेंढ्या विकत घेतल्या होत्या. मालक बदलला तरी कानाच्या खाचा बदलत नाहीत. "खिंडीपलीकडे मावसभावाच्या कळपात ठेवल्यात," असं तो मे महिन्यात म्हणाला होता. या क्षणी तो गर्दीच्या कडेला वाकून बुटाचा बंद आवळत होता. त्या बुटांना बंद नव्हते.

खालच्या कुरणात सात कळप दाटीवाटीने उभे होते आणि त्यांचे सात मालक कारण शोधत होते. अध्यक्षबाईंच्या घरचीच मेंढी वर सापडली, याहून चांगलं कारण त्यांना मिळालं नसतं. उद्या सकाळी सातही कळप वर गेले असते.

ओरोझाली काठी टेकत आला. त्याने मेंढीच्या कानाकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं, मग तालायच्या बुटांकडे.

"माझीच," तो म्हणाला. "कापा. आणि नीट शिजवा. दात मोजकेच उरलेत."

"आके, तुम्ही..."

"काय सूनबाई?" गावातल्या सगळ्या सुनांना तो अशीच हाक मारायचा. "नियम तुझा, मेंढी माझी. आता पाय मागे घेऊ नकोस."

त्याच्या अंगणाखालचा झरा या उन्हाळ्यात पुन्हा पाझरू लागला होता. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. पण त्याची स्वतःची सून बादल्या घेऊन तळ्यावर यायची बंद झाली, हे बातमाने केव्हाच टिपलं होतं.

दुपारी तळ्याकाठी, नव्या वाळुंजाच्या रोपांशेजारी कापड अंथरलं गेलं. ओरोझाली मानाच्या जागी बसला. बातमाने भाजून शिजवलेलं डोकं त्याच्यासमोर ठेवलं. कोणी घासाला हात लावेना. तो उठून गेला असता, तर नियमही त्याच्याबरोबर उठला असता.

त्याने सुरी घेतली आणि डावा कान कापला. केस जळून गेले होते, खाचा तशाच होत्या.

"कान धाकट्यांचा. म्हणजे ते ऐकतात," तो म्हणाला. "घे सूनबाई. खाऊन टाक, म्हणजे संपलं."

"खा, एजे!" सात कळपवाल्यांपैकी सागिन, थोरल्या बहिणीला हाक मारावी तसा, ओरडला. "गावात तुम्ही तरी कुणाचं ऐका!"

हसू उसळलं. सुयुमकानने कान तळहातावर धरला. गरम होता. म्हातारा तिच्याकडे न बघता सुरी पुसत बसला.

तिने कान कापडावर ठेवला, खाचा वर येतील असा, आणि बोटाने शेजारी बसलेल्या तालायपुढे सरकवला.

"तू खा."

हसू विझलं.

"मोडका पाय होता हिचा," ती म्हणाली. "हिवाळाभर मीच शेकलाय."

बातमाचा रश्श्याचा वाडगा हवेत थांबला. सागिन अर्धवट उठला. त्याने उताराकडे पाहिलं, मग शेजाऱ्याकडे. तालायने पाय पोटाशी घेतले. त्याची नजर त्या कानावरून हलेना.

तेवढ्यात ओरोझालीने हुंकार दिला, गादीला हात टेकला आणि डोक्याची परात तिथेच ठेवून हळूहळू बाजूला सरकला. मानाची जागा रिकामी झाली.

"बस इथे," तो तालायला म्हणाला. "लवकर. निवतंय."

तालाय उठला. टोपी काढावी की ठेवावी ते न कळून त्याने ती हातात घेतली, आणि तो त्या जागेकडे निघाला. तो बसेपर्यंत सागिन तसाच अर्धवट उभा होता. मग तोही खाली बसला.